कुलवृत्ताची सेवा आणि वारकऱ्याचा गृहस्थधर्म

कीर्तनाच्या निमित्ताने आमचे गावोगाव जाणे होते. अलीकडे काही वर्षे एक नवी सेवा ठिकठिकाणी आमच्या पाहण्यात येते. कोणी आपल्या भावकीची वंशावळ जुळवीत आहे, कोणी कुलवृत्तांताच्या मंडळात विनावेतन राबतो आहे, कोणी उतारवयात मोडी शिकून गावच्या लोकांचे जुने कागद वाचून देतो आहे. ही मंडळी बहुधा माळकरी असतात आणि मनाने निर्मळ असतात. एका पैची अपेक्षा नसते. पण कीर्तन आटोपून आम्ही जरा टेकलो की त्यांच्यापैकी एखादा जवळ येऊन हळूच विचारतो, "महाराज, हे काम हाती घेतल्यापासून हरिपाठ चुकतो, घरची माणसं रुसतात, आणि काम तर सोडवत नाही. आता हे परमार्थात धरायचं का प्रपंचात?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो एकट्यादुकट्याचा नाही. म्हणून या महिन्याच्या पाठात त्याचाच क्रमाने विचार करू.

पूर्वपक्ष

प्रथम विरुद्ध बाजू मांडू. काही जण म्हणतात की वारकऱ्याला कुळाशी काय कर्तव्य? गळ्यात माळ पडली की तो विठोबाचा झाला. मेलेल्यांची नावे उकरण्यापेक्षा जिवंत नाम घ्यावे. शिवाय वंशावळीतून कुलाभिमान वाढतो. आमचा मूळपुरुष अमुक सरदार, आमचे घराणे तमुक राजाचे, अशी फुशारकी सुरू होते. ज्या वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्या वाळवंटात ही फुशारकी शोभत नाही.

या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. तथापि एवढ्यावरून ही सेवाच त्याज्य ठरत नाही. अहो, दुधात पाणी मिसळणारे असतात म्हणून कोणी दूध सोडतो काय? पाणी कुठून शिरते ते पाहावे आणि ती वाट बंद करावी.

या सेवेला शास्त्राचा आधार

मनुष्य जन्मतो तो तीन ऋणे घेऊन, असे आपले शास्त्र सांगते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. पितृऋण फेडण्याचे एक अंग म्हणजे पूर्वजांचे स्मरण. श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा, पणजा या तिघांचा नामगोत्राने उच्चार होतो, आणि त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र व आदित्य यांच्या रूपाने पाहतात. आई, आजी, पणजी यांचाही उच्चार होतो. महालयात आईच्या माहेरचे पितर येतात. म्हणजे नावे ठाऊक असणे हा धर्माचाच भाग आहे. आता आपल्या मनाशी विचारून पाहा, पणजीचे नाव किती जणांना सांगता येईल? पितृपक्षात भटजी नाव विचारतात आणि घरातले कर्ते पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे.

पूर्वी हे काम समाजाने वाटून घेतले होते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्याय वह्या ठेवीत. यात्रेकरू आला की त्याचे गाव व आडनाव विचारून वही काढायची, आज्या-पणज्याची नोंद वाचून दाखवायची, आणि खाली नवी नोंद करून सही घ्यायची. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूस व कर्नाटकात हेळवी येत. बैल घेऊन सुगीनंतर दारी उभे राहायचे, घराण्याच्या पिढ्या वाचायच्या, नव्या मुलाचे नाव चढवायचे आणि शेर-पायली धान्य घेऊन पुढच्या गावी जायचे. गावच्या दप्तरात कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद होई. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे, बापाचे नाव चढे.

यातले पुष्कळ कागद मोडीत आहेत, आणि शाळांतून मोडी शिकवणे गेल्या शतकाच्या मध्याला बंद पडले. त्यामुळे आज नातवाच्या हाती आज्याचा कागद आहे, पण तो वाचता येत नाही. २०२३ साली राज्य सरकारने कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तेव्हापासून तर मोडी जाणणाऱ्याला मोठीच मागणी आली. अशा वेळी जो मनुष्य विनामूल्य वाचून देतो, तो आंधळ्याला वाट दाखवतो. ही सेवा आहे, यात शंका नाही.

महाद्वारातील दोन कुळे

आता संतांकडे वळू. पंढरीत महाद्वारी गेल्यावर आपण प्रथम नामदेव पायरीला डोके टेकतो. नामदेवरायांनी इ. स. १३५० मध्ये तेथे सपरिवार समाधी घेतली, अशी परंपरा आहे. त्या परिवाराची नावे सांप्रदायिक मंडळी आजही सांगतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. आणि दासी जनाबाई.

वाचकहो, या नामावळीकडे जरा नीट पाहा. पावणेसातशे वर्षे होत आली, तरी त्या घरच्या सुनांची नावे आपल्याला माहीत आहेत! राजघराण्यांच्या वंशावळीतसुद्धा पुष्कळदा फक्त पुरुषांची रांग असते. त्या काळी घरच्या सुनेचे आणि घरात दळणकांडण करणाऱ्या दासीचे नाव कोणी लिहून ठेवले असते? पण येथे ते टिकले, कारण त्या घरात सगळी माणसे एका भजनाला बसत होती. वंशावळ कशी असावी याचा हा वारकरी नमुना आहे.

आणि त्याच महाद्वारात समोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले, इ. स. १३३८ मध्ये. नामदेवराय तेथे गेले. ढिगाऱ्यातल्या कोणत्या अस्थी चोखोबांच्या हे कसे ओळखायचे? ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी उचलल्या आणि पंढरीस आणून समाधी दिली, अशी कथा आहे. चोखोबा नामदेवांच्या ना नात्याचे ना गोत्याचे. तरी मृताची ओळख पटवून त्याला त्याच्या जागी पोचवण्याचे काम त्यांनी केले. चोखोबांच्या घरची सोयराबाई, कर्ममेळा, निर्मळा आणि बंका हीही नावे आपल्या गाथ्यांतून राहिली. त्यांच्यासाठी कोणता उपाध्याय वही घेऊन बसला नव्हता.

एका दारात ही दोन कुळे आहेत, रक्ताचे आणि नामाचे. जो वारकरी रक्ताच्या कुळाची वही लिहितो त्याने नामाच्या कुळाकडे पाठ फिरवू नये. मग कुलाभिमानाचे पाणी शिरायला वाट राहत नाही.

सेवेचा खर्च कोण सोसतो?

येथवर सेवा योग्य आहे एवढे ठरले. आता खऱ्या अडचणीकडे येऊ.

एका गावी सप्ताहात एक माउली आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान पंचक्रोशीत नावाजलेले. सबंध भावकीची वंशावळ त्यांनी जुळवली, लोक दुरून कागद घेऊन येतात. माउली म्हणाल्या, "महाराज, आमच्या ह्यांना नऊ पिढ्या तोंडपाठ आहेत. पण नातू कितवीत आहे ते विचारा बरं, सांगता यायचं नाही." सगळे हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. पुढे म्हणाल्या, "सासूबाई दोन वर्षं खाटेवर होत्या. त्यांना सगळ्या घराण्याचं ठाऊक होतं. कोण कुठल्या गावची, कुणाला किती लेकरं झाली, कुठलं जगलं, कुठलं गेलं. हे रोज त्यांच्या खाटेवरून वही घेऊन बाहेर जायचे. एक दिवस बसून विचारलं नाही. त्या गेल्यावर आता लोकांच्या दारी जाऊन विचारतात."

गृहस्थ शेजारीच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. ते वाईट होते असे नाही. ते सेवेत होते. पण सेवा करणारा एक असतो आणि तिचा खर्च सोसणारा दुसरा असतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आलेल्या पाहुण्याला चहा कोण करते? घरातले पैसे झेरॉक्सला आणि प्रवासाला जातात तेव्हा कोणती वस्तू आणायची राहते? रात्री बारापर्यंत मोबाईलवरचे फोटो न्याहाळीत बसलो, तर पहाटे गुरांना वैरण कोण घालते? विनामूल्य सेवा म्हणून जे म्हणतो, त्याचे मूल्य बहुधा घरचे माणूस देत असते.

तुकोबारायांच्या चरित्रात जिजाईंना लोक कजाग म्हणून दाखवतात. आम्हांस ते कधी पटले नाही. तुकोबा डोंगरावर भजनात असत आणि ती माउली भाकरी घेऊन काट्याकुट्यांतून त्यांना शोधीत चढत असे, हे त्याच चरित्रात आहे. भाकरी पोचली म्हणून देह राहिला, देह राहिला म्हणून अभंग झाले. आपल्या सेवेमागेही कोणाची तरी भाकरी आहे. ती पाहावी, तिचे उपकार मानावेत.

विटेचा अर्थ

आपल्या संप्रदायाचा पाया कोठे घातला गेला? पुंडलिकाच्या दारी. प्रत्यक्ष भगवंत दारात आले तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. त्याने वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. देव रागावला नाही, विटेवर उभा राहिला, आणि अजून उभा आहे.

या कथेत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता, त्यांची वंशावळ लिहीत नव्हता. समोर जिवंत असलेल्यांची सेवा एवढी श्रेष्ठ की देवालाही थांबावे लागले. मग कागद थांबणार नाही काय? दीडशे वर्षे पेटीत राहिलेला कागद आणखी आठ दिवस राहील. खाटेवरची आई राहील असे सांगता येत नाही.

शास्त्रकार कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद करतात. वारकऱ्याचे नित्य म्हणजे हरिपाठ, पूजा, नाम, घरच्या माणसांचा सांभाळ. नैमित्तिक म्हणजे एकादशी, वारी, श्राद्धपक्ष, आल्यागेल्याचे आजारपण. वंशावळीचे काम आपण होऊन, हौसेने पत्करलेले आहे. ते तिसऱ्या जागी येते. तिसरी जागा हलकी नव्हे. पण तिसऱ्याने पहिल्याची जागा घेतली की सेवेचे व्यसन होते. व्यसन दारूचेच असते असे नाही, कागदाचेही असते.

दोन आदर्श

कोणी म्हणेल, मोठे काम घर सांभाळून होत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांचे उदाहरण देतील. गावोगाव पायपीट करून त्यांनी कागद जमवले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. पण पत्नी तरुणपणीच वारल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. तो विरक्ताचा मार्ग. त्यांना वंदन करावे, पण बायकामुले असलेल्याने त्यांचे नाव सांगून घराकडे दुर्लक्ष करू नये.

गृहस्थासाठी आदर्श महिपतिबुवांचा. अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यात ताहराबाद म्हणून गाव आहे. तेथले हे कुलकर्णी. जन्म १७१५, देहावसान १७९०. लेखणी हे त्यांचे वतनच होते. एकदा देवपूजेत असताना जहागीरदाराचे बोलावणे आले. पूजा पुरी करूनच ते गेले, काम निस्तरले, आणि ही लेखणी पुन्हा मनुष्याच्या चाकरीत झिजवायची नाही असा निश्चय केला, असे सांगतात. त्यानंतर त्यांनी संतांची चरित्रे लिहिली. १७६२ मध्ये ५७ अध्यायांचा भक्तविजय, १७७४ मध्ये ५१ अध्यायांचा भक्तलीलामृत. आज आपण कीर्तनात ज्या संतकथा सांगतो, त्यांतल्या कितीतरी त्यांच्या लेखणीतून आल्या. नामाच्या कुळाचे कुलवृत्तांतकार म्हणजे महिपतिबुवा! आणि हे सर्व संसारात राहून, पंढरीची वारी करून. पूजा आधी आणि बोलावणे नंतर, हा क्रम त्यांनी मोडला नाही, म्हणून लेखणी टिकली.

पाळावयाचे नेम

आता आचरणाच्या दृष्टीने काही नेम सांगतो. ते पाळणे कठीण नाही.

पहिला नेम. हरिपाठ झाल्याशिवाय वही उघडू नये. आठवड्याचे दोन दिवस आणि त्यांतले ठराविक तास या कामास नेमावेत. एकादशीस व वारीच्या दिवसांत वही बांधून देवाजवळ ठेवावी. कोणी अवेळी आला तर गोड शब्दांत दिवस सांगावा. नाही म्हणणे म्हणजे सेवा नाकारणे नव्हे.

दुसरा नेम. जिवंत वही आधी वाचावी. घरातले वृद्ध, आत्या, मावशी, गावातली म्हातारी माणसे यांच्यापाशी आधी बसावे. कागद पुढे करून सरकारी माणसासारखे विचारू नये. पाय चेपता चेपता, शेंगा सोलता सोलता विचारावे. मग नावाबरोबर ओवीही निघते आणि आसूही. त्यांचे मन मोकळे होते, हे त्या कामाचे पहिले फळ.

तिसरा नेम. घरच्यांना विचारून काम घ्यावे आणि त्यांना कामात घ्यावे. नातवाला नावे लिहायला बसवावे. अक्षर सुधारेल आणि तो कितवीत आहे तेही कळेल! पत्नीच्या माहेरची पाने आधी भरावीत. खर्चाचा आकडा तिला ठाऊक असावा.

चौथा नेम. स्त्रियांची नावे गाळू नयेत. सुनेचे माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव लिहावे. मुलींची नावे लिहावीत, त्या कोठे दिल्या ते लिहावे. लहानपणी गेलेल्या लेकरांनाही ओळ द्यावी. नामदेवरायांच्या घरचा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा.

पाचवा नेम. कागदात जे आहे ते लिहावे, नाही ते जोडू नये. ऐकीव गोष्टीपुढे ‘ऐकीव’ असे लिहावे. मोठेपणासाठी मूळपुरुषाला सरदारकी देणे हे असत्य आहे, आणि ते पितरांच्या नावावर केलेले असत्य आहे.

सहावा नेम. सापडलेले सगळे चावडीवर वाचू नये. जुन्या कागदांत दत्तक निघते, दुसरे घर निघते, कर्ज निघते, भावाभावांचा तंटा निघतो. येथे तुकोबारायांचे स्मरण ठेवावे. घरच्या सावकारीची खतपत्रे निघाली तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला त्याचा अर्धा वाटा दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. आपले येणे त्यांनी बुडवले, भावाचे बुडवले नाही, हे विशेष लक्षात घ्या. आपण कागद फाडू नये, तो पुढच्यांचा आहे. पण कागदातले वैर आपल्यापुरते इंद्रायणीत सोडावे. एखाद्याच्या आजीची दुखरी गोष्ट आपल्याला कळली, तर ती त्याच्याच कानी, एकांतात आणि त्याने विचारल्यास सांगावी.

सातवा नेम. काम एकट्याकडे ठेवू नये. दोघातिघांना मोडी शिकवावी, वहीची नक्कल दुसऱ्या घरी असावी. चाकणचे संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. मीच करीन ही भावना धरली की मनुष्य दमतो आणि काम त्याच्याबरोबर संपते. वीणा जसा पहाऱ्याप्रमाणे हातोहाती जातो, तशी वही जावी.

सिद्धान्त

सारांश असा. पूर्वजांची नावे जपणे ही पितृसेवा आहे, यात संशय नाही. पण ती नित्यनेम आणि घरची माणसे यांच्या मागून चालली तरच सेवा राहते. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पताकावाला पुढे, टाळकरी दोहों बाजूंस, विणेकरी मध्ये. जागा सोडून जो पुढे धावतो तो लवकर पोचत नाही, उलट चाल मोडतो. वहीला आपल्या दिंडीत तिची जागा द्यावी आणि तिने ती सोडू नये, एवढे पाहावे.

ज्या घरात आज संध्याकाळी आजी-आजोबा, लेक-सून, नातवंडे हरिपाठाला एकत्र बसतात, त्या घराची वंशावळ लिहिली जातच आहे. उद्या कोणी ती कागदावर उतरवली तर आनंदच. मात्र पुढच्या पिढीने आपले नाव वाचताना, हा आमचा पूर्वज नावे गोळा करणारा होता, एवढेच न म्हणता, हा घरात असायचा आणि याच्या तोंडी नाम असायचे, असे म्हणावे. त्या योग्यतेचे जिणे पांडुरंगाने सर्वांकडून जगवून घ्यावे, अशी त्याच्या चरणी प्रार्थना करतो.

राम कृष्ण हरि.